फ्यूज तारेसाठी असतो

आमच्या घरात तीन प्रकारच्या बरण्या होत्या. लोणच्याच्या, डिस्टिल्ड वॉटरच्या आणि अ‍ॅसिडच्या. लोणच्याच्या आईच्या ताब्यात, बाकीच्या अण्णांच्या. कल्याणला रामबागेत आमच्या दोन खोल्या होत्या. पुढच्या खोलीत अण्णांचं बॅटरी चार्जिंगचं दुकान आणि मागच्या खोलीत आम्ही चौघं, म्हणजे आई, अण्णा, मी आणि माझा धाकटा भाऊ वसंता. दोन खोल्यांच्या मधल्या भिंतीत एक फडताळ होतं आणि त्याला दोन्हीकडून दारं होती. घर बांधणाऱ्याच्या डोक्यात काय होतं देव जाणे. आई तिकडून मेथांब्याची बरणी काढायची, अण्णा इकडून अ‍ॅसिडची, आणि कित्येकदा दोघांचे हात आत एकमेकांना लागायचे. माझ्या आईवडिलांच्या संसारातला जवळिकीचा प्रसंग म्हणून मी जो काही पाहिला तो एवढाच.

पुढच्या खोलीत दिवसभर बॅटऱ्या बुडबुडत असायच्या. एका ओळीत मांडलेल्या दहा-बारा बॅटऱ्या, त्यांची बुचं काढून ठेवलेली, आणि कोपऱ्यात चार्जरची न थांबणारी घूं घूं. नवख्या पाहुण्याला वाटायचं, आत कुठेतरी भात रटरटतोय. मग आंबूस, घशाला झोंबणारा वास आला की त्याची भूक आपोआप मरायची. त्या वाफेनं आमचे कपडे खाल्ले. धुवून वाळत घातलेलं पातळ दुपारी काढायला जावं तर त्याला मोहरीएवढी भोकं. खायच्या सोड्याचा डबा आमच्याकडे भज्यांपेक्षा फरशीवर सांडलेल्या अ‍ॅसिडसाठी जास्त उघडला जाई, त्यामुळे भजी कायम दडस. चार्जिंगच्या बॅटरीतून निघणारा वायू ठिणगीनं भडकतो म्हणून पुढच्या खोलीत उदबत्ती लावायला बंदी होती. देव मागच्या खोलीत, शेगडीच्या शेजारी. आई म्हणायची की या घरात देवाला सुद्धा अण्णांची परवानगी लागते.

अण्णा लढाईच्या काळात कल्याणच्या लष्करी कँपात वायरलेस दुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये होते. लष्करात भरती झालेले नव्हेत, नुसते कारागीर. लढाई संपली, गोरे गेले, कँपाच्या बराकींत फाळणीनंतर सिंधमधून आलेली माणसं राहायला आली, आणि अण्णांनी दुकान काढलं. वर्कशॉपमधून त्यांनी दोन गोष्टी बरोबर आणल्या. एक म्हणजे तारांचं अतिशय चोख ज्ञान. दुसरी म्हणजे इस्त्रीची पँट दिसली की ‘यस सर’ म्हणायची सवय. पहिलीनं आमचं घर चालायचं आणि दुसरीनं ते जेमतेमच चालायचं. दुकानात कुणी पँटवाला आला की अण्णा उठून उभे राहात. एकदा तर पँटवाला शेजारच्या वैद्यांचा पत्ता विचारायला आला होता, तरी अण्णांनी आधी सर म्हटलं आणि मग पत्ता सांगितला.

धंदा पुढे वसंता चालवणार हे तो पाळण्यात असतानाच ठरलं होतं. वसंताला मात्र बॅटरीची भीती वाटायची. लहानपणी एकदा त्यानं दोन टोकांवर पाना आडवा ठेवला, निळी ठिणगी उडाली, पाना चिकटून बसला, आणि त्या दिवसापासून तो पुढच्या खोलीतून चालताना भिंतीला पाठ लावून चालायचा. अण्णांना हाताखाली कुणीतरी हवं होतं आणि मी समोर होते, मॅट्रिक होऊन घरी बसलेली. दुपारी मी डाळिंब्यांच्या उसळीसाठी मोड आलेले वाल सोलत बसायचे आणि अण्णा काम करता करता मोठ्यानं बोलत. ते मला शिकवत होते असं त्यांनी कधी कबूल केलं नाही. ते वसंताला ऐकू जावं म्हणून बोलत आणि वसंता मागच्या दारानं क्रिकेटला गेलेला असे. अशा रीतीनं दोन वर्षांत मी सगळं काम शिकले आणि वालाचे हिरवे डाग माझ्या नखांवरून कधी गेले नाहीत.

मला बघायला येणाऱ्या मंडळींची या सगळ्यानं पंचाईत होई. मुलगी काय काय करते, असं विचारलं की आई भरतकाम सांगे. डोंबिवलीच्या एका कुटुंबातल्या काकूंनी माझ्या पातळाची भोकं बोटानं मोजत, हे भरतकाम का, असं विचारलं. मी म्हटलं, हे अ‍ॅसिड आहे. त्यांचा मुलगा चांगला दिसत होता. आजही वाटतं की थोडं गप्प बसायला हवं होतं, पण मग त्या काकूंबरोबर जन्म काढावा लागला असता.

तर अशा दिवसांत आमच्याकडे सबनीस साहेब आले. शहाडच्या पलीकडे, उल्हास नदीच्या अंगाला एक कापड गिरणी होती. तिचं नाव मी लिहीत नाही. मालकांचे नातू हयात आहेत आणि त्यांच्याकडे वकील आहेत. सबनीस त्या गिरणीचे मुख्य इंजिनियर. ठाण्याला माजिवड्याकडे त्यांचा बंगला होता आणि तिथून ते रोज मोटारीनं येत. तरुणपणी ते आठ महिने मँचेस्टरला राहून आले होते आणि त्या आठ महिन्यांवर त्यांनी पुढची सगळी नोकरी काढली. मँचेस्टरला असं नसतं, हे त्यांचं एक वाक्य, आणि मँचेस्टरला असंच असतं, हे दुसरं. तिसरं वाक्य मी त्यांच्याकडून क्वचितच ऐकलं.

गिरणीकडे आपला स्वतःचा आगीचा बंब होता. लढाईनंतर लिलावात घेतलेली एक विलायती लॉरी, लाल रंगवलेली, पाठीवर पंप आणि नळ्या. आदल्या उन्हाळ्यात कापसाच्या गोदामाला आग लागली तेव्हा बंब नदीवरच्या पंपापाशी होता आणि गोदाम दुसऱ्या टोकाला. निरोप घेऊन माणूस पळत गेला, तोपर्यंत निम्मं गोदाम गेलं. मग शेटजींनी मनावर घेतलं, सरकारी परवाना मिळवला, आणि मोडीत निघालेल्या लष्करी सामानातून दोन वायरलेस सेट आणवले. एक गेटवरच्या ऑफिसात आणि एक बंबात. दोन्हीकडून बोलता येणार होतं. सेट बसवणार कोण, तर लष्करी सेट उघडून पाहिलेला माणूस पंचक्रोशीत एकच होता. साहेबांनी दुकानात उभ्या उभ्याच काम सांगितलं. अण्णांनी चार वेळा यस सर म्हटलं, त्यातले दोन साहेब निघून गेल्यावर.

बंबाचा ड्रायव्हर गोमाकाका म्हणून होता. जवळच्याच गावचा आगरी, पन्नाशीचा, रुंद मनगटांचा आणि कमी बोलणारा. लॉरी गिरणीची असली तरी ती गोमाकाकांची आहे हे सगळ्यांना माहीत होतं. आम्ही पहिल्या दिवशी गेलो तेव्हा ते बॉनेटला टेकून उभे होते, आणि वरपासून खालपर्यंत त्यांनी अण्णांना पाहिलं, मग मला पाहिलं, मग माझ्या हातातली पक्कड पाहिली आणि बॉनेट उघडून दिलं. पुढे बोलले तेव्हा एवढंच, “माज्या गारीन कं कं घालनार ता आधी सांगा.”

अण्णांनी सांगितलं. मला आजही ते तोंडपाठ आहे, आणि आजकालच्या मोटारींत नातवंडं वाटेल तिथून वाटेल ती तार ओढून यंत्रं लावतात तेव्हा मी ते म्हणून दाखवते आणि ती कानात बोळे घालतात. हा सेट नुसता ऐकत असतो तेव्हा फार वीज खात नाही. पण बोलायचं बटण दाबलं की त्याच्या पोटातली छोटी मोटर घुंई करून फिरायला लागते आणि बॅटरीच्या बारा व्होल्टांचे काही शे व्होल्ट बनवते. त्या वेळी तो बॅटरीतून वीज नुसती ओढत असतो. म्हणून दिव्याच्या किंवा हॉर्नच्या बारीक तारेला त्याला जोडायचं नाही. ती तापून वितळेल. दोन जाड तारा थेट बॅटरीच्या दोन टोकांपासून न्यायच्या. काम सुरू करण्याआधी बॅटरीचं बॉडीकडे जाणारं टोक सोडवायचं आणि सगळ्यांत शेवटी जोडायचं. कोणतं टोक बॉडीला बांधलंय हे आधी बघायचं, कारण त्या वेळच्या विलायती गाड्यांत ते बरेचदा उलटं असे. तार जिथे पत्र्यातून आरपार जाते तिथे भोकाला रबराची कडी बसवायची, नाहीतर गाडीच्या हादऱ्यांनी पत्र्याची कड तारेचं आवरण कापते. आणि फ्यूज बसवायचा तो बॅटरीपासून वीतभर अंतरात. सेटजवळ नाही. सेटजवळ बसवला तर मधली सगळी तार उघडी राहिली, म्हणजे राखण नसलेली.

गोमाकाकांनी विचारलं की फ्यूज काय करतो. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, जळून जातो. मग त्याला ठेवायचा कशाला, असं ते म्हणाले, आणि मी म्हटलं की तार जळू नये म्हणून, कारण तार जळली तर गाडी जळते. गोमाकाका म्हणाले, “म्हंजे यो सेटचा नाय. माजा हाय.” इतक्या थोडक्यात ही गोष्ट मला पुढे कॉलेजात कुणी सांगितली नाही.

चार दिवस आम्ही काम केलं. सेट सीटच्या मागे, लाकडी फळीवर, हादरे बसू नयेत म्हणून खाली रबर. इंजिन आणि ड्रायव्हरच्या मधल्या पत्र्याच्या पडद्याला भोक पाडलं, त्याची धार कानशीनं घासली, कडी बसवली. माझा हात बारीक म्हणून पडद्यामागचं सगळं मी केलं. डबा आईनं दिलेला असायचा, पोळी आणि सुकी बटाट्याची भाजी. गोमाकाका त्यांच्या घरची तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी आणत. ते लाजत लाजत डबा लांब घेऊन बसायचे. तिसऱ्या दिवशी मी वास चांगला येतोय असं म्हटलं तेव्हा अण्णांनी माझ्यावर इतके डोळे वटारले की त्यांच्या हातातला घास खाली पडला. चौथ्या दिवशी गोमाकाका लॉरी विठ्ठलवाडीच्या फाटकापर्यंत घेऊन गेले आणि मी गेटवरून बोलले आणि ते तिकडून बोलले. सगळं व्यवस्थित चाललं.

व्यवस्थित चाललेली गोष्ट सबनीस साहेबांना बघवत नसे. उद्घाटनाला मुंबईहून एक बडे पाहुणे यायचे होते. ते बंबात बसून वायरलेसवरून भाषण करणार आणि ते मांडवातल्या कर्ण्यातून सगळ्यांना ऐकू येणार, असा बेत होता. फोटोग्राफर बंबाच्या समोर उभा राहणार. फोटोत सेट दिसणार नाही हे साहेबांच्या लक्षात आलं. त्यांनी गिरणीच्या फिटरला बोलावून सेट मागून काढून पुढे डॅशबोर्डवर मध्यभागी बसवून घेतला. तार आता लांब होऊन लोंबायला लागली, तेव्हा फिटरनं पडद्याला जवळचं दुसरं भोक पाडलं आणि तार त्यातून खेचून घेतली. घासणं नाही, कडी नाही. आम्हाला कळवलंही नाही. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी बोलावणं आलं की तुमचा फ्यूज उडाला आहे.

आम्ही गेलो. अण्णांनी नवा फ्यूज घातला, गोमाकाकांनी लॉरी अंगणात एक फेरी फिरवली आणि फ्यूज पुन्हा उडाला. बॉनेटवर तोपर्यंत ताजा रंग चढवलेला होता आणि साहेब आम्हाला टेकूही देत नव्हते. अण्णा म्हणाले की फ्यूज उडतो याचा अर्थ तार कुठेतरी पत्र्याला लागते आहे, सेट उतरवून बघायला अर्धा तास द्या. सबनीस म्हणाले, मँचेस्टरला फ्यूज उडत नाहीत. मग त्यांनी फिटरच्या पेटीतून तांब्याच्या जाड तारेचा बोटभर तुकडा काढला आणि फ्यूजच्या जागी हा बसवा म्हणून अण्णांच्या हातात दिला. अण्णांनी दोनदा तोंड उघडलं. त्यातून दोन्ही वेळा ‘पण सर’ एवढंच बाहेर आलं. साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. अण्णा म्हणाले, “यस सर.” आणि ज्या बोटांनी ते मला दोन वर्षं शिकवत होते त्याच बोटांनी त्यांनी तो तुकडा चिनी मातीच्या खाचेत बसवला आणि दोन्ही स्क्रू घट्ट पिळले. स्क्रू त्यांनी नीट पिळले, हे मला जास्त लागलं. वाईट काम करतानाही त्यांचा हात चोख होता.

घरी येईपर्यंत मी त्यांच्याशी बोलले नाही. जेवताना आईनं विचारलं, आज दोघं मुकी का. मी सांगितलं. अण्णा भात कालवत म्हणाले की गाडी त्यांची आहे, मी किती बोलणार. आईला विजेतलं काही कळत नव्हतं आणि तिला ते कळावं अशी तिची इच्छाही नव्हती. ती वाढता वाढता म्हणाली, “गाडी त्यांची. आणि आत बसणारा कुणाचा?” अण्णांनी त्यानंतर ताक मागितलं नाही. ताकाशिवाय पानावरून उठलेले अण्णा मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले.

सकाळी निघताना मी फ्यूजच्या तारेचं छोटं वेटोळं पदराच्या टोकाला बांधून घेतलं. गिरणीच्या अंगणात मांडव होता, खुर्च्या होत्या, शेटजींचे सगळे नातेवाईक होते आणि बंबाला नवरीसारखं सजवलं होतं. बॉनेटवर झेंडूच्या माळा इतक्या घातल्या होत्या की उघडायचं कुठून ते दिसेना. अण्णांना साहेबांनी गेटवरच्या सेटपाशी उभं केलं. मी बंबाकडे गेले. गोमाकाका खाकी कपड्यांत, डोक्यावर फेटा, अवघडून उभे होते. काल फ्यूजचं काय केलं ते मी त्यांना सांगितलं. त्यांनी अण्णांच्या दिशेनं एकदा पाहिलं, मग माळा दोन्ही हातांनी उचलून धरल्या आणि लोकांकडे पाठ करून उभे राहिले. मी बॉनेट उघडलं, बॅटरीचं टोक सोडवलं, तांब्याचा तुकडा काढला, फ्यूजची तार घातली, टोक परत जोडलं. सेट उतरवून घासणारी जागा शोधायला वेळ नव्हता. फ्यूज उडणार हे मला ठाऊक होतं. उडालेला चालेल, एवढाच माझा हिशेब होता.

पाहुणे आले. स्थूल होते, त्यांना लॉरीत चढवायला स्टूल लागलं. फोटो निघाला. लॉरी गेटबाहेर पडली आणि कर्ण्यातून आधी घुंई असा आवाज आणि मग पाहुण्यांचा आवाज यायला लागला. या यंत्रयुगात, ते म्हणाले, आणि मग या यंत्रयुगाबद्दल बरंच काही म्हणाले. शेटजींच्या दूरदृष्टीपर्यंत येऊन ते पोचले असतील, रस्त्यावरच्या पहिल्या खड्ड्यावर लॉरी आदळली असेल, आणि कर्णा गप्प झाला. अगदी गप्प. लोकांना वाटलं भाषण संपलं. त्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि टाळ्यांत खरा आनंद होता.

लॉरी परत आली. पाहुण्यांना चहा आणि बुंदीच्या लाडवांकडे नेण्यात आलं. सबनीस साहेब अण्णांकडे आले आणि फिटर, कारकून, आचारी अशा सगळ्यांच्या देखत त्यांनी अण्णांची लायकी काढली. लढाईतला भंगार माल, म्हणाले, यंत्रंही आणि माणसंही. अण्णा खाली मान घालून ऐकत होते. त्यांना कळेना की तांब्याचा तुकडा बसवला असताना सेट बंद पडला कसा. मी पुढे होऊन अण्णांना सांगितलं, तुकडा मी काढला, आणि तो त्यांच्या हातात दिला. मला वाटलं आता दोघेही माझ्यावर ओरडणार. साहेब ओरडायला लागलेच होते. अण्णा मात्र बंबाकडे चालायला लागले, म्हणून आम्ही सगळे त्यांच्या मागून.

त्यांनी माळा तोडल्या. बॅटरीचं टोक सोडवलं आणि फिटरच्या भोकातून तार ओढून काढली. आवरण बोटभर लांबीत कापलं गेलं होतं आणि आतलं तांबं सोन्यासारखं चमकत होतं. पत्र्याच्या कडेवर ठिणग्यांचे काळे डाग होते. आणि त्या डागांपासून दोन बोटांवर पेट्रोलची नळी. गोमाकाकांनी वाकून पाहिलं. मग डोक्यावरचा फेटा काढून हातात घेतला.

सबनीस साहेबांनीही पाहिलं. पण पाहुणे चहा घेऊन परत बसणार होते, भाषण अर्धं राहिलं होतं, शेटजी मांडवातून बघत होते. साहेब म्हणाले की तार नंतर बघू, आत्ता तो तुकडा लावा, दहा मिनिटांचा प्रश्न आहे, जळलं काय आहे, काहीच तर जळलं नाही. इथं मला आयुष्यभर पुरलेला धडा मिळाला. काही जळलं नाही, हाच आमच्या विरुद्धचा पुरावा होता. लॉरी पेटली असती तर आमचं म्हणणं सगळ्यांना पटलं असतं.

अण्णांनी तो तुकडा तळहातावर घेतला. त्यांचा आवाज नेहमीसारखाच मऊ होता. ते म्हणाले, “लावतो सर. पाहुण्यांना राहू दे. गोमाच्या शेजारी तुम्ही बसा. फाटकापर्यंत जाऊन या, आणि वाटेत बोलायचं बटण तुम्हीच दाबा.”

गोमाकाका चढून आपल्या जागेवर बसले आणि त्यांनी पलीकडचं दार आतून उघडलं. “या सायब,” ते म्हणाले. “तुमी बसाल तं मी हाकतंय.”

साहेबांनी दाराकडे पाहिलं, नळीकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. त्या घड्याळानं त्यांना पुष्कळदा वाचवलं असेल, त्या दिवशी मात्र त्यात काही निघालं नाही. ते म्हणाले की आपल्याला पाहुण्यांकडे लक्ष द्यायला पाहिजे. जाता जाता, काय करायचं ते करा, असंही म्हणाले, आणि ते त्यांनी इंग्रजीत म्हटल्यामुळे हुकूम दिल्यासारखं वाटलं.

आम्ही केलं. सेट पुन्हा फळीवर, सीटच्या मागे. कापलेली तार टाकून दिली आणि दुसरी जाड तार घातली, आमच्या पहिल्या भोकातून, कडीतून. नळीपासून ती दूर बांधली. फ्यूज बसवला. अण्णा पाना मागत आणि मी देत होते, मग मी पाना मागू लागले आणि ते देऊ लागले. हे केव्हा बदललं ते दोघांच्याही लक्षात आलं नाही. काम होईपर्यंत पाहुणे लाडू घेऊन गेले होते, शेटजी गेले होते, मांडववाले खुर्च्या एकात एक घालत होते. गोमाकाका लॉरी घेऊन एकटेच विठ्ठलवाडीला गेले. गेटवर मी, अण्णा, आणि खिडकीशी उगाच काहीतरी वाचत उभे राहिलेले सबनीस साहेब. इंग्रजीत काय बोलायचं ते साहेबांनी गोमाकाकांना आठवडाभर शिकवलं होतं. मी बटण दाबून विचारलं, कसला वास येतोय का. थोडी खरखर झाली आणि मग गोमाकाकांचा आवाज अगदी शेजारी असल्यासारखा आला. “नाय. गारी थंड हाय.”

साहेब म्हणाले, उच्चार सुधारायला हवेत.

तो सेट पुढे नऊ वर्षं चालला. एकदा गोदाम पुन्हा पेटलं तेव्हा गोमाकाकांनी नदीवर निरोप मिळताच बंब आणून निम्म्याहून जास्त माल वाचवला. एरवी त्याचा मुख्य उपयोग, साहेब गेटच्या जवळ आले आहेत, चहा टाका, हे कळवण्यासाठी होई. बंबाच्या दारावर एक पितळी पट्टी बसली, तिच्यावर ‘वायरलेस योजना’ आणि खाली सबनीस साहेबांचं नाव. आम्हाला त्या गिरणीचं काम पुन्हा मिळालं नाही. अण्णांना त्याचं दुःख झालं आणि मला झालं नाही, असं मी तेव्हा सांगत असे. खरं म्हणजे मलाही झालं.

त्या दिवशी घरी आल्यावर अण्णांनी आईला सगळं सांगितलं. तांब्याची तार आपणच बसवली, मुलीनं ती काढली, हेही सांगितलं, वसंता ऐकत असताना सांगितलं, आणि काही झाकलं नाही. आईनं त्यांच्या वाटीत न मागता ताक वाढलं. मग म्हणाली की उद्या पेंटरला बोलवा. आमच्या दुकानावर ‘जोगळेकर आणि चिरंजीव’ अशी पाटी होती. त्यातल्या चिरंजीवांनी बॅटरीला हात लावून सात वर्षं झाली होती. आईचं म्हणणं, हिचंही नाव त्यावर यायला पाहिजे. अण्णांनी मान हलवली. त्यांनी पेंटरला खरंच बोलावलं. माणूस आला, शिडीवर चढला, पाटीकडे बराच वेळ पाहात राहिला आणि म्हणाला, जागा नाही. अण्णा त्याला यस सर म्हणाले नाहीत, पण बरं म्हणाले. तो गेल्यावर मी त्याच शिडीवर चढले आणि अण्णांच्या फुटपट्टीनं पाटी मोजली. माझ्या नावाला सात इंच लागत होते. चिरंजीवांच्या पुढे अकरा इंच मोकळे होते.